राहेलबाईची गवरी

सह्याद्रीच्या माथ्यावर, जिथे पावसाळ्यात सूर्य दिसला तर लोक एकमेकांना हाका मारून दाखवतात, तिथे सावरदरा नावाचे गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला आमच्या ख्रिस्ती मंडळीची वीस-बावीस घरे आणि एक कौलारू प्रार्थनामंदिर. मंदिराला लागून असलेल्या खोलीत शांतवन महाराज राहत. आमच्यात पाळकाला साहेब म्हणतात, महाराज म्हणायची रीत नाही. पण उपरणे कमरेला बांधून, हातात चिपळ्या घेऊन ते प्रभूच्या क्रुसाचे आख्यान लावू लागले की पलीकडच्या पाड्यावरची माणसेही ओटीवर येऊन बसत. त्यांनीच त्यांना पहिल्यांदा महाराज म्हटले. मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

मंडळी, कीर्तन एकट्याचे नसते हे तुम्हांला ठाऊक आहे. बुवांनी ध्रुपद टाकायचे आणि मागे उभ्या असलेल्यांनी ते झेलायचे. मागे कुणी झेलणारे नसेल तर कितीही गोड गळा असो, पद हवेत विरते. महाराजांचे पद झेलायला दोन माणसे असत. एक उजागरे मास्तर. शाळेत मराठी शिकवायचे, पेटी उत्तम वाजवायचे. दुसरी राहेलबाई, तिच्या हाती झांज.

राहेलबाई निरक्षर विधवा. गावभर शेण गोळा करायची, गवऱ्या थापायची, त्या विकून राहायची. मंदिराच्या मागच्या भिंतीवर तिच्या पाच बोटांचे ठसे असलेल्या गवऱ्या वाळत असत. मास्तरांना ते मुळीच आवडत नसे. पण त्याहून एक गोष्ट त्यांना खुपायची.

महाराजांनी स्वतः रचलेले एक पद होते. त्याचे ध्रुपद असे :

प्रभू, गौरव तुझे राहो ।
सरो हे सर्व, ते राहो ॥

राहेलबाई डोळे मिटून, मान हलवत, सगळ्यांच्या वरच्या आवाजात झेलायची, "प्रभू, गवरी तुझी राहो."

पोरे हसायची, बायका पदर तोंडाला लावायच्या. मास्तर तर पेटीवरचा हात काढून हसत. कीर्तन संपले की तिला थांबवत.

"बाई, गौरव. म्हण बघू. गौ-र-व."

"व्हय मास्तर. गवरी."

"गवरी नव्हे. गौरव. देवाचं तेज, देवाचा महिमा."

"त्येच तर म्हनते मी."

"अगं, देवाची गवरी राहो म्हणतेस तू. आणि तिच्यावर भाकरी भाजणार का?"

"भाजतोच की मास्तर. रोज त्याच्याच जिवावर भाजतो."

मास्तर कपाळाला हात लावत. एकदा ते महाराजांकडे गेलेच. म्हणाले, "महाराज, बाईच्या भक्तीबद्दल मला काही म्हणायचं नाही. तिनं झांज वाजवावी. पण तोंड मिटून वाजवावी. परगावचे पाहुणे येतात, शोभा होते."

महाराजांनी राहेलबाईला बोलावले. विचारले, "राहेल, तू पदात गवरी म्हणतेस. त्याचा अर्थ तुला काय वाटतो?"

ती म्हणाली, "महाराज, चुलीतला विस्तव राखायचा तर गवरी लागती. लाकूड भडकतंय अन् इझतंय. गवरीचं तसं न्हाई. सकाळच्याला बघावं तर वर नुसती राख. वाटतंय, गेला विस्तव. बोटानं राख सारली की आत लाल. देवाचं तसंच हाय न्हवं? मालक गेले तवा मला वाटलं, समदं इझलं. पर आत व्हतं."

 महाराज मास्तरांना म्हणाले, "हिचा शब्द हिच्या घरचा आहे, मास्तर. राहू द्या."

मास्तरांनी मान डोलावली, पण मनातून ते कडूच राहिले.

आता खरी हकिगत ऐका. सावरदऱ्याच्या वर मोठा सडा आहे. कातळाचे उघडे पठार, कोसभर रुंद. त्याच्या पलीकडे कोळवाडी, आणि सड्याच्या पश्चिमेला एकदम तुटलेला कडा. खाली दोन हजार फूट काही नाही. भाद्रपदातल्या एका रविवारी कोळवाडीला नव्या पिकाच्या उपकारस्तुतीचे कीर्तन ठरले होते. मृदंगवाले आदल्या दिवशीच तिकडे गेलेले. सकाळची उपासना आटोपून, भाकरी खाऊन, भर दुपारी महाराज, मास्तर आणि राहेलबाई निघाले. महाराजांची दृष्टी तेव्हा अधू झाली होती. त्यांच्या काठीचे पुढचे टोक राहेलबाईच्या हाती होते. मास्तरांच्या खांद्याला पेटी.

सड्यावर पाय ठेवताना राहेलबाई म्हणाली, "मास्तर, सड्यावर पहिल्या हाकंला ओ द्यायची न्हाई. जुनी मान्सं सांगत्यात."

"का गं?"

"हाक कुनाची ते कळत न्हाई म्हनून."

"प्रभूवर विश्वास ठेवतेस की सड्यावरच्या भुतावर?" मास्तर म्हणाले. राहेलबाईने काठीचे टोक नीट धरले आणि पाऊल टाकले. 

थोडे चालल्यावर राहेलबाईने सवयीने ते पद धरले. मास्तरांनी दोन वेळा ऐकून घेतले. तिसऱ्यांदा म्हणाले, "महाराज, मी होतो पुढं. तुमची गवरी येऊ द्या मागून." आणि लांब ढांगा टाकत निघाले.

मागे त्यांनी पाहिले तेव्हा दोघे पन्नास पावलांवर होते. पुन्हा पाहिले तेव्हा कुणी नव्हते. धुके आले होते. धुके येताना दिसते, सरकत येते. हे तसे आले नाही. जणू ते तिथेच होते आणि मास्तर त्याच्यात शिरले होते. वारा पडला. किड्यांची किरकिर थांबली. मास्तर पुढे आम्हांला सांगत, "मला माझ्या वहाणांचा आवाजसुद्धा येईना. फक्त पेटीच्या भात्यातून, मी हात लावला नसताना, श्वास सोडल्यासारखं काहीतरी व्हायचं."

तेवढ्यात समोरून हाक आली, "मास्तर."

महाराजांचा आवाज. मास्तर म्हणाले, "ओ, आलो." महाराज मागे होते, पुढे कसे गेले, हे त्यांच्या मनात आले नाही असे नाही. पण धुक्यात दिशा फिरतात, असे त्यांनी स्वतःला समजावले आणि आवाजाकडे चालू लागले.

मग समोरून पद ऐकू आले. आवाज राहेलबाईचा. तोच घोगरा गळा, तीच झांज. आणि मंडळी, शब्द अगदी शुद्ध. "प्रभू, गौरव तुझे राहो." गौ-र-व. एकेक अक्षर स्वच्छ.

मास्तरांना काय वाटले असेल? त्यांना आनंद झाला. ते स्वतःच कबूल करीत. त्यांना वाटले, अखेर जमले बाईला. माझे कष्ट फुकट गेले नाहीत. ते हसत हसत पुढे गेले. आवाज थोडा मागे सरकला. ते आणखी पुढे गेले. आवाज आणखी सरकला. पद एकदाही चुकले नाही, एकदाही दम लागला नाही.

त्यांच्या वहाणेने एक दगड उडाला. तो पडल्याचा आवाज आला नाही. मास्तर थांबले. मनात दहा-बारा आकडे मोजून होतील एवढ्या वेळाने, फार खालून, टक् असे झाले.

 पुढे किती जमीन उरली होती, त्यांना दिसत नव्हते. मागे वळावे तर मागे कोणती बाजू, तेही कळेना. त्यांनी ओरडून हाक मारली, "महाराज, मी कड्यावर आहे!"

आणि डावीकडून त्यांच्याच आवाजात कुणीतरी ओरडले, "महाराज, मी कड्यावर आहे!" मग उजवीकडून. मग अगदी कानाजवळून, हळू, गोष्ट सांगावी तसे.

इकडे सड्याच्या मध्यावर महाराज आणि राहेलबाई एका कातळाला टेकून उभे होते. त्यांना मास्तरांची हाक तीन बाजूंनी आली. राहेलबाई धावणार होती. महाराजांनी काठी घट्ट धरली.

"कुठल्या मास्तरांकडे जाशील?" ते म्हणाले.

"मग काय करायचं महाराज? मानूस जाईल की."

"तू गा."

"गाऊ?"

"रोज गातेस तशी. प्रभूसाठी गा. त्याला ऐकू जाऊ दे आणि मास्तरांनाही."

राहेलबाईने झांज वाजवली आणि गळा फाटेल एवढ्या मोठ्याने म्हटले, "प्रभू, गवरी तुझी राहो."

मास्तरांना ते पाठीमागून, लांबून ऐकू आले. त्याच क्षणी समोरून तीच बाई, तीच झांज, "प्रभू, गौरव तुझे राहो." मागून गवरी. समोरून गौरव. मागचा आवाज दर ओळीला तुटत होता, मध्येच खोकत होता. समोरचा गोड होत चालला होता.

मास्तरांना उमगले. ते जे काही समोर होते, त्याला पद येत होते, सूर येत होता, राहेलबाईचा गळासुद्धा येत होता. तिची चूक तेवढी त्याला येत नव्हती. अरण्यात प्रभूची परीक्षा पाहायला आलेल्या सैतानालाही शास्त्रातली वचने तोंडपाठच होती. पण त्याने कधी राखेत बोट घालून विस्तव शोधला नव्हता.

ते मागच्या आवाजाकडे वळले. पण वळले आणि दोन पावलांतच वहाण घसरली. उताराचा कातळ, शेवाळ. ते गुडघ्यावर बसले. आता कुणी येऊन हात दिल्याशिवाय हलणे शक्य नव्हते. त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा चार मास्तर ओरडले.

राहेलबाईच्या झांजेच्या बाजूने धुक्यातून महाराजांचा आवाज आला, "मास्तर, तुम्ही कोणते ते आम्हांला कळत नाही. राहेल म्हणते तसे म्हणा."

मास्तरांनी पद धरले, "प्रभू, गौरव तुझे राहो." बाजूचे तिघे तेच बोलले. पुन्हा म्हटले. पुन्हा तेच. मंडळी, बावीस वर्षे ज्या जिभेने मुलांचे शुद्धलेखन घेतले, ती जीभ मरणाच्या दारातही वळेना. महाराज पुन्हा म्हणाले, "ती म्हणते तसे, मास्तर." पेटी खांद्यावरून निसटली, घसरत गेली आणि तिचाही आवाज आला नाही.

तेव्हा त्या कातळावर गुडघे टेकलेल्या माणसाने डोळे मिटले आणि रडत रडत म्हटले, "प्रभू, गवरी तुझी राहो."

कुणी झेलले नाही. डावीकडे शांत. उजवीकडे शांत. कड्याकडची झांज एका ठोक्यावर अर्धीच थांबली. सड्यावर एकच आवाज होता, आणि तो मास्तरांचा होता.

त्यांनी पुन्हा म्हटले. आणि कुणीतरी त्यांचे मनगट धरले.

हात उबदार होता. एवढ्या गारठ्यात तो चुलीपुढून उठून आलेल्या माणसाच्या हातासारखा उबदार होता. त्या हाताने त्यांना उठवले आणि चालवले. मास्तर म्हणत राहिले, "महाराज, हळू, महाराज, शेवाळ आहे." उत्तर आले नाही. हात मात्र प्रत्येक निसरड्या जागी घट्ट होई. तळहात कष्ट केलेल्या माणसासारखा राठ होता आणि त्याच्या मधोमध खिळा मावेल एवढा खळगा होता. मास्तरांचे बोट एकदा त्यात गेले. आरपार गेल्यासारखे वाटले.

मग हात सुटला. धुके विरळ झाले. तीस पावलांवर कातळाला टेकून महाराज उभे होते, दोन्ही हात काठीवर. काठीचे दुसरे टोक राहेलबाईच्या काखेत, आणि तिच्या दोन्ही हातांत झांज.

मास्तर धावत जाऊन महाराजांसमोर उभे राहिले. "महाराज, मला आणायला कोण आलं होतं?"

"आम्ही इथून हललो नाही," महाराज म्हणाले.

मास्तरांनी हाताविषयी सांगितले. खळग्याविषयीही सांगितले. महाराजांनी हळूच डोक्याचा रुमाल काढला आणि ते उघड्या डोक्याने त्या धुक्यात उभे राहिले. सड्यावर काय होते ते त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही. आणि तो हात कुणाचा होता, ते सांगायची गरज नव्हती.

मास्तर त्यांच्या पायांवर वाकले. महाराज मागे सरले. "माझ्या पायांना आंधळेपण तेवढे ठाऊक, मास्तर. तिच्याकडे जा."

मास्तर राहेलबाईकडे वळले. बाई पदराने झांज पुसत होती.

"बाई," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी तुला हसलो. भर मंडळीत हसलो."

राहेलबाईने आश्चर्याने वर पाहिले. "व्हय, हसायचा की तुम्ही. मला वाटायचं, पद ऐकून मास्तरान्ला आनंद व्हतोय. म्हनून तर मी आनिक मोठ्यानं म्हनायची."

 ज्या आनंदात ते आयुष्यभर व्याकरणाच्या चुका काढीत आले, तो ही बाई त्यांच्या टिंगलीतूनसुद्धा वेचून घेत होती. ते खाली बसले आणि त्यांनी त्या निरक्षर बाईच्या पायांवर डोके ठेवले.

"अवो मास्तर, पाय चिखलाचे हायत," ती मागे होत म्हणाली. पण ते उठेनात. शेवटी तिने झांज खाली ठेवली, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "उठा आता. कोळवाडीला मान्सं खोळंबल्यात."