रंगाऱ्यांच्या गल्लीतली मोकळी जागा

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो, आणि मोठ्यांनीही बसून ऐकावी अशी आहे. तेव्हा शहरांना तट असत आणि दिवस मावळला की वेशी बंद होत. अशाच एका शहरात रंगाऱ्यांची गल्ली होती.

एका उन्हाळ्यात त्या गल्लीला आग लागली. मधली चार घरं जळाली. माणसं वाचली, पण पुन्हा घरं बांधायला कुणी थांबलं नाही. ती दुसऱ्या गावी निघून गेली आणि जागा तशीच पडून राहिली. आधी तिथे राख होती. मग पडक्या भिंतींची माती झाली. मग लोक कचरा टाकू लागले, फुटके रांजण, कुजका पाला, कधी मेलेलं मांजर. वास सुटला तशी लोकांनी त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. पुढे पुढे दारंही लोटलेलीच राहू लागली.

जागेला लागून हौसाक्का राहायची. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती. एकुलती लेक तीन दिवसांच्या वाटेवर दिली होती. हौसाक्का सकाळी चूल पेटवी, एक भाकरी थापी, ती दोन वेळा खाई, आणि दिवस संपे.

एकदा दारात गाय आली. तिला “हट्, हट्” म्हणताना हौसाक्काला स्वतःचाच आवाज परका वाटला. तिने आठवून पाहिलं. आज चौथा दिवस होता, ती कुणाशीही बोलली नव्हती.

ती उंबऱ्यावर बसली. मग मनाशी म्हणाली, “ही घाण गेली, तर निदान खिडक्या तरी उघडतील.” आणि तिने नवऱ्याची कुदळ बाहेर काढली.

कोतवालाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मालक परत येईपर्यंत पेर काय पेरायचं ते. आमची हरकत नाही.”

सगळा हिवाळा ती पाट्या भरभरून कचरा वेशीबाहेर टाकत होती. लोक फटीतून बघत. काही म्हणत, म्हातारीचं डोकं फिरलंय. पण राख मिसळलेली ती माती कसदार निघाली. वांगी आली, मिरच्या आल्या, घेवडा पडक्या भिंतीवर चढला. एकटीला किती लागणार? हौसाक्का टोपल्या भरून घरोघरी नेऊ लागली.

पण ती दाराची कडी वाजवायची, टोपली ठेवायची आणि दार उघडायच्या आत वळायची. कुणाला असं वाटू नये, की ही आपल्याकडे काही मागायला आलीय. लोक भाजी घेत. टोपली स्वच्छ धुऊन तिच्या ओट्यावर ठेवून जात. टोपल्या परत येत, माणसं येत नसत. खिडक्या उघडल्या होत्या, पण त्यांतून कुणी हाक मारत नव्हतं. हौसाक्का वांग्यांशी बोले, घेवड्याशी बोले, आणि सांजेला घरात जाऊन कडी लावी.

असं दीड वर्ष गेलं.

मग चैत्रात ती विहिरीच्या दगडावरून घसरली. मनगट मोडलं. हाडवैदाने बांबूच्या कांब्या बांधल्या आणि बजावलं, “चाळीस दिवस या हातानं घागर उचलायची नाही.”

ऊन रोज चढत होतं. हौसाक्का दारात बसून झाडांकडे बघायची. कुणाच्या तरी ध्यानात येईल, असं तिला वाटत होतं. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी मिरच्यांनी माना टाकल्या. पाचव्या दिवशी घेवड्याची पानं पिवळी पडली. तेव्हा तिला फार राग आला. “दीड वर्ष खाल्लंत माझ्या हातचं,” ती भिंतीला म्हणाली, “आता जळू दे सगळं.” आणि तिने तोंड फिरवलं.

पण सहाव्या दिवशी तिला बघवेना. ती उठली आणि समोरच्या कासारणीच्या दाराशी गेली. हात कडीपर्यंत नेला, मागे घेतला, परत फिरली. पुन्हा गेली, पुन्हा फिरली. आयुष्यात तिने कुणापुढे हात पसरला नव्हता. तिसऱ्या वेळी मात्र तिने कडी वाजवली आणि दार उघडेपर्यंत तिथेच उभी राहिली.

“मला पाणी हवंय,” ती म्हणाली. “दोन घागरी. माझ्यासाठी नाही, झाडांसाठी. माझा हात...” आणि तिने बांधलेलं मनगट पुढे केलं.

कासारीण बघतच राहिली. “अहो आक्का, मग इतके दिवस बोलला का नाहीत? मला दिसत होतं झाडं सुकताना. पण आम्हाला वाटायचं, तुम्हाला मळ्यात कुणाचं पाऊल चालत नाही. टोपली ठेवता नि वळून जाता. वाटायचं, तुम्हाला बोलणंच नको.”

“मला बोलणं नको?” हौसाक्का म्हणाली.

कासारीण जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, “माझा नवरा आठ-आठ महिने जत्रांतून बांगड्या विकत फिरतो. घरात मी एकटी. सकाळी तुमच्या कुदळीचा आवाज आला ना आक्का, की मला धीर यायचा. वाटायचं, बाहेर कुणीतरी आहे.”

एका गल्लीच्या अंतरावर दोघींनी इतकी वर्षं एकटीने काढली होती.

मग कासारणीने घागर उचलली. वाटेत तिने कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिपायाला हाक मारली. तो म्हणाला, “मला झाडांतलं काही कळत नाही.” हौसाक्का म्हणाली, “मला तरी कुठे कळत होतं? पाणी ओता, बस.” दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला आणि शेजाऱ्यालाही घेऊन आला.

निम्मा घेवडा वाचला नाही. मिरच्या मात्र पुन्हा उभ्या राहिल्या. पावसाळ्याच्या तोंडावर लोकांनी जागेचे वाफे पाडले, आणि कारली कुठे लावायची यावरून शिपायाचं नि कासारणीचं कडाक्याचं भांडण झालं. दोघंही निवाड्यासाठी हौसाक्काकडे आली. ती नुसती डोळे पुसत होती. शिपाई घाबरला, म्हणाला, “असू दे, असू दे, लावा तिच्या मनासारखी कारली.”

घरात हौसाक्का शेवटपर्यंत एकटीच राहिली. लेक वर्षातून एकदाच येई. पण सकाळी दार उघडायला उशीर झाला, तर बाहेरून कुणीतरी हाक मारायचं.

बोध: माणसांना नुसतं देत राहिल्याने ती आपली होत नाहीत, त्यांच्याकडे कधी मदतही मागावी.