हरबाने अर्ज मागे घेतला

एका गावात एक भोळा सभासद होता. हरबा त्याचं नाव. दूध डेअरीचा सभासद. पस्तिशी आली तरी त्याचं लग्न जुळत नव्हतं आणि आईने त्या काळजीने फक्त अंथरूण धरायचं बाकी ठेवलं होतं. शेवटी एक स्थळ आलं. आठवड्याने बैठक ठरली.

त्याचे दौलतमामा म्हणाले, याला चार माणसांत बसायची सवय नाही, तोवर गावातली एकेक सभा बघू दे. मामांचं डोकं सभांमध्येच पिकलं होतं.

हरबा ग्रामसभेला गेला आणि खांबाला टेकून झोपला. मामा म्हणाले, "सभेत गप्प बसू नये. कुणी काही मांडलं की हात वर करून अनुमोदन द्यावं."

दुसऱ्या दिवशी जोशी गुरुजींची शोकसभा होती. सरपंच गहिवरून म्हणाले, देवाने गुरुजींना आपल्यातून उचलून नेलं. हरबाने हात वर केला. "माझं अनुमोदन आहे."

मामांनी कपाळाला हात लावला. अशा वेळी दोन मिनिटं मान खाली घालून उभं राहावं, मग मृतात्म्यास शांती लाभो म्हणावं, असं त्यांनी समजावलं.

पुढे निवृत्त कंपाउंडर वसंतरावांचा सत्कार आला. हरबा त्यांच्यासमोर दोन मिनिटं मान खाली घालून उभा राहिला आणि त्यांच्या आत्म्याला शांती मागून आला. वसंतरावांनी स्वतःची नाडी तपासली. तेव्हा मामा म्हणाले, "अरे, खुर्चीतल्या माणसाला हार घालायचा."

मग डेअरीच्या अध्यक्षपदाची सभा झाली. खुर्च्यांत दोन उमेदवार बसले होते, हरबाने दोघांनाही हार घातले. दोन्ही गटांनी गुलाल उधळला आणि मग एकमेकांच्या टोप्या. मामा धोतर सावरत बाहेर आले. "दोन नावं आली की एकाने मोठ्या मनाने माघार घ्यावी. निवड बिनविरोध होते, गावाचा एकोपा राहतो."

हे हरबाला मनापासून पटलं.

बैठकीच्या दिवशी मुलीचे वडील म्हणाले, शेजारगावच्या एका मुलानेही मागणी घातली आहे, पण आमच्या मुलीला हरबाच पसंत आहे. आईचे डोळे भरून आले. ती साखर आणायला उठली.

हरबाही उठला. पाहुण्यांना हात जोडून म्हणाला, "एकोप्यासाठी मी माझं नाव मागे घेतो. शेजारगावच्या उमेदवाराची बिनविरोध निवड व्हावी."

कुणीच टाळ्या वाजवेना, म्हणून त्याने स्वतःच सुरुवात केली.