पायरीचा दगड

नद्यांना अजून नावे पडली नव्हती, त्या काळची ही गोष्ट आहे. एका विशाल नदीच्या उत्तर तीरावर एक समृद्ध नगर होते. दक्षिण तीरावर मात्र ओसाड माळ पसरला होता. तेथे पाऊस पाहुण्यासारखा येई आणि पाहुण्यासारखाच निघून जाई. साहजिकच त्या तीरावरच्या माणसांना या तीरावर यायचे असे.

नगराची त्याला ना नव्हती. फक्त एक नियम होता. पलीकडच्या घाटावर प्रत्येक कुटुंबाने आपला एक दगड रांगेत मांडायचा आणि त्यावर गेरूने आपली खूण काढायची. पंधरवड्यातून एकदा राजाची नाव येई आणि पहिल्या दगडाचे कुटुंब घेऊन परत जाई. मग मागचे सगळे दगड हातभर पुढे सरकत. पार झालेले कुटुंब आपला दगड सोबत आणी आणि नव्या घराची पहिली पायरी म्हणून बसवी. नगरातल्या जुन्यात जुन्या घराच्या पायरीवरही कधीकाळचा पुसट गेरू दिसत असे.

नाव मात्र एकच होती, राजाच्या पणजोबांनी बांधलेली. नगर वाढले, माळावरची तहान वाढली. नाव तेवढीच राहिली.

त्या नगरात एक वृद्ध दोरकरी राहत असे. त्याच्या पायरीचा दगड मधोमध खोलगट झाला होता, कारण तो आणि त्याची पत्नी पलीकडच्या घाटावर वर्षानुवर्षे त्याच दगडावर बसून होती. पुढे मोजकेच दगड उरले असताना ती माउली गेली. दोरकरी दगड घेऊन एकटाच पार झाला. तेव्हापासून त्याच्या बोलण्यात एक धार आली होती.

दोर वळायला दोघे लागतात. एकाने चाक फिरवून पीळ द्यायचा आणि दुसऱ्याने अंबाडीचा वाख, म्हणजे तिचे तंतू, सोडत मागे मागे चालायचे. दोरकऱ्याचे चाक शेजारची एक तरुण विधवा फिरवी. तिला एक लहान मुलगी होती. दोरकरी आजारी पडला की तीच पेज करून आणी. तो तिला ‘मुली’ म्हणे, ती त्याला ‘काका’ म्हणे. तिच्या पायरीवर सदैव एक गोणपाट अंथरलेले असे. कोणी विचारले तर ती म्हणे, “उन्हाने लेकीचे पाय पोळतात.”

त्या दिवसांत नगरात एकच वाद पेटला होता. नियम डावलून, नदी पोहून आलेली पुष्कळ माणसे नगरात दडून राहत होती. लोक त्यांना ‘बिनपायरीचे’ म्हणत. कोतवाल म्हणे, “शोधून काढा आणि नावेत घालून परत पाठवा.” धान्याचा व्यापारी म्हणे, “कशाला? खाणीतला एकेक दगड द्या आणि वाद मिटवा.” त्याच्या कोठारात असे पुष्कळ जण निम्म्या मजुरीवर राबत होते. त्यामुळे त्याची दया लोकांना पटत नसे आणि कोतवालाचा कठोरपणा सोसवत नसे.

नगराच्या घाटावर या गोष्टी निघाल्या की दोरकरी म्हणे, “मी थांबलो. माझी बायको थांबता थांबता गेली. ज्यांना थांबता आले नाही, त्यांना पायरी कशाला?” घरी परतल्यावरही तो वाख सोडता सोडता हेच बोले, आणि शेजारीण मान खाली घालून चाक फिरवीत राही.

एके दुपारी तिच्या मुलीने खेळायला म्हणून पायरीवरचे गोणपाट ओढले आणि त्यावर बसून ती “नाव आली, नाव आली” म्हणत अंगणभर सरपटू लागली. दोरकऱ्याने सहज वळून पाहिले. गोणपाटाखाली दगड नव्हता. नुसती चोपलेली माती होती.

“दगड कुठे आहे?” त्याने विचारले.

चाक थांबले. “पलीकडे आहे, काका. रांगेत. मी आले, तो राहिला.”

“म्हणजे तू पोहून आलीस.”

“माझे दूध आटले होते. हिला घंगाळात बसवले आणि ते पुढे ढकलत आले. माझ्यापुढचे दगड सरण्याइतका वेळ हिच्यापाशी नव्हता.”

“माझ्या बायकोपाशी तरी कुठे होता?”

तिने लेकीला उचलून जवळ घेतले.

“आणि एवढे दिवस इथे बसून तू माझे बोलणे ऐकत होतीस,” दोरकरी म्हणाला.

“ऐकत होते. तुमचे म्हणणे खोटे आहे, असे मला एकदाही वाटले नाही.”

दोरकऱ्याने हातातला वाख खाली ठेवला आणि तो तडक न्यायाधीशांकडे गेला. परक्याने फसवले असते तर तो कदाचित थांबला असता. आपल्या माणसाने फसवल्याचा राग थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. मुलीला कडेवर घेऊन ती स्त्री मधोमध उभी राहिली. तिला माळावर परत पाठवायचे की ठेवून घ्यायचे, एवढाच प्रश्न होता. पण तिच्यासारखी अनेक माणसे दाराआड कान देऊन बसली आहेत, हे सर्वांना ठाऊक होते. कोतवाल आपले म्हणणे बोलला, व्यापारी आपले बोलला. न्यायाधीश शब्द तोलून वापरणारे गृहस्थ होते. दोघांचे बोलून झाल्यावर त्यांनी सभेला विचारले, “आपल्या विहिरीवर कोणी पाळी मोडली, तर दंड कोण ठरवतो?”

“त्याच्या लगेच मागे उभा असलेला,” लोक म्हणाले.

“का?”

“कारण नुकसान त्याचे होते.”

“मग इथे नुकसान कोणाचे झाले?”

“माझे,” दोरकरी म्हणाला. “मी थांबलो.”

न्यायाधीश म्हणाले, “आजोबा, तुमचे दुःख मोठे आहे. पण तुम्ही या रांगेत हिच्या पुढे होता. हिने तुमची पाळी घेतली नाही. हिच्या मागे कोण होते, ते आपल्याला अजून कोणी सांगितलेलेच नाही.”

“मागची माणसे पलीकडे आहेत,” कोतवाल म्हणाला. “परक्यांना काय विचारायचे?”

“रांग आपण लावली, कोतवाल. आपल्या रांगेत उभा असलेला माणूस परका कसा?”

मग त्यांनी नाव सोडण्याची आज्ञा दिली आणि मागच्याला विचारून येण्याचे काम दोरकऱ्यावरच सोपवले. तो आनंदाने निघाला. रांगेत ताटकळणारा माणूस काय उत्तर देईल, याची त्याला खात्री होती.

पलीकडच्या घाटावर दगडांची रांग आता बाभळीच्या बनापर्यंत पोचली होती. शेजारणीने सांगितलेली खूण शोधत दोरकरी पुढे गेला. दोन मासे काढलेला तो दगड अगदी आपल्या जागी, रांग धरून होता, आणि त्यावरचा गेरू ताजा होता. त्याच्या मागच्या दगडावर एक धिप्पाड बाई गोधडीला टाके घालीत बसली होती.

“हा पुढचा दगड कोण सरकवतो?” दोरकऱ्याने विचारले.

“मीच. दगडाला पाय थोडेच असतात?”

“याची मालकीण पोहून पलीकडे गेली, हे ठाऊक आहे?”

“आहे की. तिच्या पोरीचं रडणं सगळ्या घाटानं ऐकलं होतं. एका सकाळी ते ऐकू येईना. भीत भीत उठून बघितलं, तर घंगाळ जागेवर नव्हतं. तेव्हा कुठं जिवात जीव आला.”

“राग नाही आला?”

“आला. अजून आहे. माझी पोरं याच उन्हात वाढली, बाबा. पण मी तापानं पडले होते, तेव्हा माझा दगड तिनं सरकवला होता. तिचा मी सरकवते. रागाचं बघू, भेटली की.”

दोरकऱ्याने येण्याचे कारण सांगितले. “तिचा दंड तू ठरवायचा आहेस. तिला हाकलायचे की सोडायचे?”

बाईने सुई गोधडीत खोवली आणि ती हसू लागली. “हे विचारायला नाव पाठवली? विचारायला नाव एका शब्दासरशी निघते, मग न्यायला का निघत नाही?”

दोरकऱ्याने वळून घाटाला लागलेल्या नावेकडे पाहिले. पोहणाऱ्यांवर तो इतकी वर्षे रागावला होता. त्या एकुलत्या एका नावेकडे त्याने कधी नीट पाहिलेच नव्हते, आणि तिचे दोर तर तो स्वतः वळत होता.

बाई म्हणाली, “तिला हाकललंत, तर ती इथं येऊन पुन्हा माझ्याच पुढं बसेल. तिचा दगड आहे. मला काय मिळालं? आणि नुसतं सोडून दिलंत, तर माझी पोरं म्हणतील, आई, तू उगाच बसलीस.” ती थोडा वेळ नदीकडे पाहत राहिली. “असं करा. तिचा दगड उचला आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवा. आज इथं बसलेले आम्ही सगळे पार झालो, की मग तिची पाळी. तोवर राहू दे तिकडंच, पण तोंड लपवून नको. आणि पोहून गेलेल्यांना नदी चांगली कळते. त्यांनी मिळून एक नाव बांधावी आणि आम्हाला न्यावं. हा माझा दंड.”

दोरकऱ्याने दोन मासे काढलेला दगड उचलला. वाटेत तो दोनदा टेकला, पण कोणाच्या हाती त्याने तो दिला नाही. बाभळीच्या बनापाशी, सर्वांत शेवटी, त्याने तो नीट मांडला आणि क्षणभर त्यावर बसला. तेथून पलीकडचे नगर म्हणजे केवळ धुराची एक रेघ दिसत होती. एवढ्या दुरून आपण दोघे ती रेघ पाहत असू, हे त्याला आठवले. मग तो उठला.

सभेत त्याने बाईचा शब्द न् शब्द सांगितला, नावेविषयीचा टोमणाही गाळला नाही. न्यायाधीशांनी तोच निर्णय सर्व बिनपायरीच्यांना लावला. जो पुढे येऊन आपले नाव सांगेल, नव्या नावेसाठी हात देईल आणि रांगेच्या शेवटी दगड मांडेल, त्याला कोणीही नगराबाहेर काढू नये, आणि त्याला मजुरीही इतरांइतकीच मिळावी. हे ऐकून व्यापाऱ्याचा चेहरा उतरला.

“आणि उद्या आणखी कोणी पोहून आले तर?” कोतवालाने विचारले.

“त्याचाही दगड शेवटीच जाईल,” न्यायाधीश म्हणाले. “पण नाव वेळेवर येत असेल, कोतवाल, तर लेकराला घंगाळात कोण बसवेल?”

कोतवाल विचारात पडला. नंतर नव्या नावेचे लाकूड त्यानेच निवडून दिले.

ती स्त्री घरी परतली, तेव्हा दोरकरी अंगणात वाख सोडवीत बसला होता. त्याने मान वर केली नाही. “दोन नावांना दुप्पट दोर लागणार,” तो म्हणाला. “चाक धर, मुली.”

“धरते, काका. आधी एक काम आहे.”

तिने पायरीवरचे गोणपाट उचलले, झटकले आणि कुंपणावर वाळत घातले. चोपलेल्या मातीची ती ओबडधोबड पायरी आळीतल्या सर्वांनी पाहिली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोर वळून झाल्यावर ती लेकीला कुशीत घेऊन दार सताड उघडे टाकून झोपली. नगरात आल्यापासून दाराला कडी न लावता ती प्रथमच झोपली होती. दोरकऱ्याने आपली खाट उगाचच तिच्या अंगणाकडे थोडी सरकवून घेतली.

नवी नाव झाली. पुढे तिसरीही झाली. पोहून आलेलीच माणसे त्या वल्हवीत होती. रांग भराभर सरकू लागली. बाभळीची खूण काढलेला दगड मांडीवर घेऊन ती धिप्पाड बाई पार झाली, तेव्हा वल्ह्यावर तीच तरुण विधवा होती. “वल्हं जरा नेटानं मार,” बाई म्हणाली, “माझा राग निम्म्या नदीतच संपेल म्हणजे.” तो खरोखरच किनारा येण्यापूर्वी संपला.

यथावकाश पलीकडच्या घाटावर त्या रांगेतले शेवटचे काही दगड उरले. त्यांत दोन माशांचा दगड होता. त्या दिवशी तिने वल्हे हाती घेतले नाही. ती पलीकडे गेली, आपल्या दगडापाशी उभी राहिली आणि नावाड्याने रीतीप्रमाणे “पाळी कोणाची?” असे विचारताच “माझी,” म्हणाली. तो एक शब्द सर्वांना ऐकू गेला.

तिच्या दारात दगड बसवायला आता पुरता थकलेला दोरकरी काठी टेकत आला. त्याने बोटाने माशांवर नवा गेरू फिरवला, पाय देऊन दगड डुगडुगत नाही ना ते पाहिले आणि म्हणाला, “आता यावर गोणपाट टाकू नकोस. पाय पोळले तर पोळू देत.”

ज्या राज्यात चुकलेल्याला रांगेत परत उभे राहता येते आणि थांबलेल्यासाठी नाव वेळेवर येते, तेथेच नियमाचा मान राहतो आणि माणसाचाही.