भिंतीवरची घोडी

श्रोतेहो, त्या साली चिंतननाथ महाराजांचा मुक्काम बोरखेड गावी, सरकारांच्या पागेशेजारच्या धर्मशाळेत होता. पागेतला मोतद्दार लुमाजी घोड्यांना खरारा करून झाला की रोज महाराजांच्या पायाशी येऊन बसे.

पागेत खोगिरं जमिनीवरच पडलेली असत. ओल लागून त्यांचं कातडं बुरसायचं. लुमाजीला ते बघवेना. त्यानं दोन फळ्या छपरासारख्या तिरप्या जोडल्या आणि भिंतीत खुंट्या ठोकून त्यांवर बसवल्या. खोगीर ठेवायची लाकडी घोडीच ती! पण भिंत होती मातीची. खुंट्या डुगडुगू लागल्या.

पागेचे कारभारी शिदोजीराव कमरेवर हात ठेवून हसले. "लुम्या, अरे हिच्यावर मांजर बसलं तरी खाली येईल! आणि सरकारांचं नवं खोगीर तू हिच्यावर चढवणार? पडलं, तर पुन्हा पागेत पाऊल टाकायचं नाही."

पागेवाचून लुमाजीला दुसरं घर नव्हतं. तो धावतच महाराजांकडे गेला. महाराज आले, डुगडुगत्या खुंटीवर तळवा ठेवून म्हणाले, "राहील हो!"

"वा! आता खुंट्यांनाही अनुग्रह का?" शिदोजीराव म्हणाले.

लुमाजीनं डोळे मिटून खोगीर चढवलं. तेवढ्यात अबलख घोडा दावं तोडून उधळला तो नेमका शिदोजीरावांवरच! "अगं आई गं!" करीत राव दाण्याच्या पेटीवर चढले आणि तिथून थेट खोगिरात! तीन मणांचा देह फळ्यांवर, खाली फुरफुरणारा घोडा.

"लुमाजी, बाबा, धर रे त्याला!"

"राव, मांड घट्ट ठेवा," महाराज म्हणाले. "घोडी नवी आहे!"

लुमाजीनं घोड्याला चुचकारून बांधलं. फळ्या तसूभरही हलल्या नव्हत्या. राव कसेबसे उतरले. लुमाजीनं खोगीर उचलून घेतलं, खुंटीला सहज हात लावला, तर काय! ती मातीसकट अलगद हातात आली. जेमतेम दोन बोटं आत गेलेली!

शिदोजीरावांनी खुंटीकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे. पागोटं काढून त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"उठा राव," महाराज म्हणाले. "आता चुना कालवून खुंट्या पक्क्या बसवा. देवाला रोज रोज भिंतीत उभं राहायला सवड नसते."

शिदोजीराव उठले आणि लुमाजीपुढेही वाकले. "चुना मी आणतो," ते हळूच म्हणाले.