उंडीची डोलकाठी

निर्मळनाथ महाराज त्या वर्षी कोकणात सावरबंदर गावी, खाडीकाठच्या देवळात राहिले होते. तिथे उंडीची झाडे फार. बियांच्या तेलावर घरोघरी दिवे लागत, दुखरे सांधे त्याच तेलाने चोळत आणि सरळसोट बुंध्याची गलबताला डोलकाठी होई.

असे एक उंच झाड येसूबाईच्या अंगणात होते. तिचा नवरा बाबल खलाशी. गलबतावर गेला, तो परतलाच नाही. सारे म्हणत, बुडाला. येसूबाई मात्र कुंकू लावीतच होती. रोज संध्याकाळी ती महाराजांपुढे उंडीच्या तेलाचा दिवा ठेवी आणि एकच मागणे मागे.

"महाराज, ते असोत, नसोत, खबर तेवढी कळू दे. वाऱ्यानं कडी वाजली तरी मी दार उघडायला धावते."

गंगाराम नाखवा हा गावातला गलबताचा मालक. एकदा भर मंडळीत तो हसून म्हणाला, "अगो येसू, माशांनी खाल्लेल्या माणसाची खबर महाराज कुठून आणणार? त्यापेक्षा ते झाड मला डोलकाठीला दे!"

मंडळी हसली. येसूबाईचे डोळे भरून आले. महाराज शांतपणे म्हणाले, "माय, दे त्याला झाड. तेच खबर आणील."

"महाराज, त्याच्याच सावलीत ते जाळं विणायचे. तेवढंच उरलंय हो माझ्यापाशी!"

"ठाऊक आहे, माय. तरी दे."

तिने दिले. कुऱ्हाडीचे घाव पडू लागले तशी ती आत जाऊन भिंतीला टेकून बसली. बाहेर गंगाराम खलाशांना सांगत होता, "बघू या, खबर कुठल्या फांदीला लागते ती!"

पुढे त्या झाडाची डोलकाठी उभारून गंगाराम गलबत घेऊन दक्षिणेकडे निघाला. वाटेत वादळाने गाठले आणि गलबत फुटले. खलाशी होडीतून किनाऱ्याला लागले. गंगाराम एकटाच मोडक्या डोलकाठीला बिलगून राहिला. वारा भर समुद्राकडे ओढत होता, पण काय नवल! डोलकाठी वाऱ्याला न जुमानता किनाऱ्याकडे चालली होती. गंगारामाच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा हाक निघाली, "महाराज, धावा!"

अनोळखी किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी त्याला उचलून झोपडीत नेले. तिथे पूर्वी असाच लाटांनी आणून टाकलेला, पाय मोडलेला एक माणूस तापाने फणफणत पडला होता. सावरबंदरचे नाव कानी पडताच त्याने गंगारामाचा हात घट्ट धरला.

"माझी येसू आहे का रे?"

तो बाबल होता.

त्याला हलवण्याजोगे नव्हते. त्याला कोळ्यांवर सोपवून गंगाराम पायी गावी आला, तो थेट देवळात. महाराजांच्या पायांवर कोसळून रडत म्हणाला, "बाबल जिवंत आहे, महाराज! मी हसलो, माझं चुकलं. दुसरं गलबत घेऊन मी स्वतः त्याला आणतो."

महाराज म्हणाले, "हे तिला सांग."

दिवा ठेवायला आलेली येसूबाई खांबाला धरून उभी होती. तिने ना झाडाचा विषय काढला, ना त्या हसण्याचा.

"नाखवा," ती कशीबशी म्हणाली, "माझं नाव घेतलं, तेव्हा त्यांचा आवाज कसा होता हो?"

 गंगारामाने तिच्या पायांवर डोके ठेवले.