डाव्या हाताचा चुडा

“हा हात कुणाचा आहे?”

इंदूने डावा हात अंगापासून लांब धरून विचारलं.

“तुझाच की!” शैला हसली.

लग्नघरी चुडा भरायला ती आपल्या सासूबरोबर, म्हणजे चंद्राबाई कासारणीबरोबर आली होती. कसब शिकून जेमतेम दोन वर्षं झालेली, पण तोरा असा, की जणू गावातली मनगटं हिनेच घडवली! नवरीचा चुडा भरून झाला होता. आता पाळी तिच्या धाकट्या बहिणीची, इंदूची होती.

“माझा नाही हा. फुगत चाललाय... सुपाएवढा झालाय.” इंदू तो पदराखाली लपवी, पुन्हा काढून बघे.

इंदूची आई हळूच म्हणाली, “स्किझोफ्रेनिया आहे तिला. गोळ्या चालू आहेत. पण मधूनच असं होतं.”

“लोकांत तमाशा नको बाई,” मावशी म्हणाली. “लग्न लागेपर्यंत वरच्या खोलीत बसवा.”

“मी करवली आहे ताईची!” इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं.

शैलाला चेव चढला. तिने तो हात ओढला आणि बांगडी सरकन चढवली.

“बघ, बसली ना? कुठं सुपाएवढा!”

इंदू किंचाळली. हात जमिनीवर आपटला, काचा उडाल्या.

“अगंबाई, लग्नघरात बांगडी वाढवली!” मावशी ओरडली.

चंद्राबाईंनी आधी काचा वेचल्या. मग इंदूसमोर बसल्या.

“मला तर लहानच दिसतो, पोरी. पण आतून तुला कसा लागतो, ते मला कुठनं कळणार? कुठवर आलाय, दाखव.”

इंदूने हवेतच कड दाखवली. मनगटापासून वीतभर लांब.

चंद्राबाईंनी आपला तळवा तिथेच धरला. हवेत. पुढे रेटला नाही...

शैलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बऱ्याच वेळाने इंदूचा श्वास जरा संथ झाला.

“उजवा माझाच आहे,” ती म्हणाली.

“मग तो दे.”

उजवा हात भरला. इंदू उठली आणि नवरीच्या मागे जाऊन उभी राहिली. डावा हात अजून लांबच धरलेला.

शैलाची चुळबुळ थांबेना. करवली एका हाताने भुंडी! गावभर शोभा होणार.

“आत्याबाई, डावा हात मोकळाच राहिला की!”

चंद्राबाईंनी डाव्या हातापुरत्या हिरव्या बांगड्या निवडून बाजूला ठेवल्या.

“राहू दे. तो अजून यायचाय.”