भरल्या पेरूतली तिसरी बी

अंजीरवाडी नावाचं एक गाव होतं. गाव कसलं, सगळी बागच. हिरव्या पेरूंच्या रांगा, जांभळी अंजिरं, लालचुटुक डाळिंबं आणि अधूनमधून चिमुकली कौलारू घरं. त्यातलं सगळ्यात चिमुकलं घर बकुळाचं. चूल पेटली की मांजराला बाहेर जाऊन बसावं लागायचं, एवढंसं.

घरात दोघीच राहायच्या, बकुळा आणि तिची आई भागीरथी. डब्यात पीठ बेताचंच असायचं, पण आईच्या हातात कला होती. ती फळं भरायची. खजुरातली बी काढून तिथे केशरी खवा, अंजिरात मधात घोळलेला अक्रोड. आणि इवल्या इवल्या पेरूंचं तर काय सांगू! वरची टोपी कापायची, बिया कोरून काढायच्या, आत शेंगदाण्याचं कूट, ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ भरायचं आणि देठासकट टोपी परत वर ठेवायची. वाडीत बारसं असो की डोहाळजेवण, पाहुण्यांसमोर आधी भागीरथीचं ताट यायचं.

पण पावसाळ्यात आईला मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना आईच्या जिभेची चवही घेऊन गेला. गूळ खाल्ला तरी माती, मीठ खाल्लं तरी माती. एका साखरपुड्यात पेरू इतके खारट झाले की पाहुण्यांनी हंडाभर पाणी संपवलं. तेव्हापासून आईला कुणी बोलावेना.

आता तुम्ही म्हणाल, बकुळाने चाखून सांगायचं की! नाही चालत. ताट आधी देवापुढे जातं, मग पाहुण्यांपुढे. त्याआधी जिभेला लावलं तर ते उष्टं. आई आजवर अंदाजानेच मीठ घालायची. पण तो अंदाज कार्यानंतर उरलेलं खाऊन खाऊन आलेला. जीभ रुसली, तसा अंदाजही बिघडला.

आज पाटलीणबाईंच्या नातीचं बारसं होतं. त्यांनी मात्र आठवणीने आईला बोलावलं होतं.

"आज चुकलं, तर मी पुन्हा फळाला हात लावणार नाही बघ," आई म्हणाली. म्हणताना ती हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. बकुळाला फार वाईट वाटलं. आई फळं भरताना गुणगुणायची. हात थांबले की गुणगुणणंही थांबणार.

टोपली घेऊन ती सकाळीच बागेत गेली. पेरूच्या पानांवर दंवाचे थेंब चमचम करत होते. एका फांदीवर पोपटाने टोचलेला पेरू होता आणि त्या भोकातून बारीकसा आवाज येत होता.

"कुणी आहे का गं? मी चिकटले!"

बकुळाने डोकावून पाहिलं. गुलाबी गरात बोटाएवढी परी अडकली होती. तिचा हिरवा झगा रसाने माखलेला, सोनेरी पंख एकमेकांना चिकटलेले.

"तू आत कशी गेलीस?" बकुळाने विचारलं.

"वास फार छान येत होता," परी लाजून म्हणाली. "थोडं खाल्लं, मग आणखी थोडं खाल्लं. मग पंख हलेनात."

बकुळाने तिला अलगद बाहेर काढलं. स्वतःच्या पिण्याच्या पाण्यातलं थेंब थेंब पाणी घालून पंख धुतले आणि फुंकर घालून वाळवले. पंख फडफडले तशी सगळीकडे सोनेरी भुकटी उडाली आणि बकुळाला शिंक आली.

"तू गोड आहेस," परी म्हणाली. तिने मुठीतून चांदीसारख्या लखलखत्या दोन बिया बकुळाच्या तळहातावर ठेवल्या. तिसरी मात्र मुठीतच ठेवली. "एकेक बी म्हणजे एकेक इच्छा. बी भरल्या फळात ठेवायची आणि इच्छा हळूच फळाच्या कानात सांगायची. जो ते फळ खाईल त्याच्यासाठी ती इच्छा पुरी होईल. भरणारीने स्वतः खायचं नाही. खाणाऱ्याला आधी सांगायचं नाही. आणि दिवेलागणीच्या आत."

"आणि ती तिसरी?"

"ती मागून मिळत नाही," परी म्हणाली आणि पानांत दिसेनाशी झाली.

बकुळा पळतच घरी आली. मायलेकी कामाला बसल्या. आईने फळं कोरली, बकुळाने भरली. मीठ घालायची वेळ आली तशी आईने मिठाची वाटी बकुळापुढे सरकवली.

"तूच घाल, बकू. माझा माझ्यावर भरवसा नाही."

बकुळाने चिमटीत मीठ घेतलं, थोडं खाली सोडलं, मग पुन्हा थोडं घेतलं. देवाचं नाव घेतलं आणि घातलं.

मग एका अंजिरात तिने हळूच पहिली बी ठेवली आणि कुजबुजली, "खाणाऱ्याच्या तोंडाला चव येऊ दे." ते अंजीर तिने आईपुढे धरलं. "आई, एवढं खा ना."

"अगं, नैवेद्याआधी?" आईने ते घेतलं आणि टपकन ताटात ठेवून दिलं. ताटात साठ अंजिरं, सगळी सारखी गुबगुबीत. बकुळा बघत बसली. कुठलं होतं ते, काही केल्या ओळखू येईना.

आता एकच बी उरली. या वेळी बकुळा शहाणी झाली. दुसरी बी तिने खजुरात ठेवली, तीच इच्छा सांगितली आणि खूण म्हणून वर लवंग टोचली. नैवेद्य झाला की आईला द्यायचा, असं ठरवून तो द्रोणात घालून जवळ ठेवला.

पाटलीणबाईंच्या घरी नैवेद्य झाला, पाळणा म्हटला गेला, ताटं फिरली. पाहुण्यांनी एक घेतलं, दुसरं घेतलं, बोटं चाटली. पाटलीणबाईंचे सासरे आबा वर्षानुवर्षं नुसता दूधभात खायचे. त्यांनी एक अंजीर तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "सूनबाई, ठेचा आहे का घरात?" सगळं घर चकित झालं. पहिली बी कुठे गेली ते बकुळाला कळलं आणि तिला हसूच आलं.

ती द्रोण घेऊन आईला शोधायला निघाली. आई परसात भांडी घासत होती. वाटेत आतली खोली लागली. तिथे पाटलीणबाईंची लेक केसर बाळाला घेऊन बसली होती. बाळ रडत होतं आणि केसरही मुकाट्याने रडत होती. पुढ्यातलं ताट तसंच होतं.

"केसरताई, काय झालं?"

"घासच उतरत नाही गं. बाळ झाल्यापासून तोंडाला चव नाही. मी खाल्लं नाही तर बाळाला दूध कुठून येणार?"

बकुळाने द्रोण घट्ट धरला. हा आईचा होता, शेवटचा. तिला आईचे सकाळचे भरलेले डोळे आठवले. मग बाळाकडे पाहिलं. ते एवढंसं बाळ रडून रडून लाल झालं होतं. तिने लवंग काढली आणि खजूर केसरच्या हातावर ठेवला.

"एवढा एकच खा, ताई."

केसरने मन राखायला खाल्ला. मग थांबली. मग तिने ताट ओढलं आणि शिरा खाल्ला, भात खाल्ला, सगळं सगळं खाल्लं. तिच्या गालांवर रंग चढला. बाळ पदराआड चुटचुट दूध पिऊ लागलं.

बकुळा हळूच बाहेर आली. फळांची ताटं स्वच्छ झाली होती. अंगणातल्या पायरीवर बसून ती हुंदके देऊन रडली. बाळासाठी बरं वाटत होतं आणि आईसाठी फार फार वाईट. सूर्य चिंचेमागे टेकला होता.

"बकुळे," मागून केसरचा आवाज आला. तिच्या हातात एक भरला पेरू होता. "माझ्या ताटातला आहे. बाळंतिणीला पेरू देत नाहीत ना, म्हणून मी तुझ्या आईसाठी बाजूला ठेवला होता. करणारीला कुणी विचारतच नाही."

बकुळाने पेरू घेतला. पेरूची टोपी आपोआप उचलली गेली आणि आतून सोनेरी पंख दिसले.

"या वेळी चिकटले नाही हं," परी कुजबुजली. तिने मूठ उघडली आणि तिसरी बी अलगद पेरूत ठेवली. "ही मागून मिळत नाही. आपलं शेवटचं जी दुसऱ्याला देते, तिलाच मिळते. लवकर सांग इच्छा."

बकुळाने ओठ पेरूजवळ नेले आणि इच्छा सांगितली. मग ती परसात आईकडे धावली. "आई, नैवेद्य झाला, पाहुणे जेवले. आता तरी खा."

आईने राखेचे हात धुतले आणि पेरूचा घास घेतला. चावता चावता ती थांबली. डोळ्यांतून पाणी घळघळा वाहू लागलं.

"बकू," ती म्हणाली, "मीठ कणभर जास्त झालंय गं."

बकुळा आईच्या गळ्यातच पडली. चूक काढली म्हणून इतकं आनंदलेलं पोर तुम्ही कधी पाहिलं नसेल. तेवढ्यात परसातल्या पेरूच्या झाडावर गुलाबी उजेड पसरला, पानन् पान झळाळलं आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. घराघरांत दिवे लागले.

आईची बोलावणी पुन्हा सुरू झाली आणि गुणगुणणंही. आणि अंजीरवाडीत आजही कुठलंही कार्य असो, नैवेद्य झाला की पहिलं भरलं फळ करणारीच्या हातावर ठेवतात.